एलियाहू : नावातच अख्खं भांडण

बातम्यांमध्ये नेतन्याहू हे आडनाव सारखं कानावर पडतं, पण त्याच्या शेपटाला जो 'याहू' आहे तो काय हे सहसा कुणी विचारत नाही. ईमेलवाला याहू नाही हे उघड आहे. ते देवाचं नाव आहे. हिब्रू बायबलमधल्या, म्हणजे ख्रिस्ती लोक ज्याला जुना करार म्हणतात त्यातल्या, देवाचं जे स्वतःचं नाव आहे त्याचं हे आखूड रूप, आणि जुन्या इस्राएलात पोरांची नावं ठेवताना ते सर्रास पुढे नाहीतर मागे जोडायचे. नातान म्हणजे 'दिलं', त्याला याहू लावलं की नेतन्याहू, 'याहूने दिलं'. यशयाहू, यिर्मयाहू, ओबद्याहू, सगळी त्याच साच्यातली. मराठी बायबलात हीच नावं यशया, यिर्मया, ओबद्या अशी येतात, कारण याहूचंही अजून आखूड रूप 'या' असं आहे, आणि हालेलूया म्हणताना शेवटी जो 'या' येतो तो हाच. हालेलू म्हणजे स्तुती करा, कुणाची तर याची.

ह्या सगळ्यात मला सगळ्यात भारी वाटणारं नाव म्हणजे एलियाहू, बायबलमधल्या एका संदेष्ट्याचं, म्हणजे देवाचा निरोप लोकांना सांगणाऱ्या माणसाचं. मराठी बायबलमध्ये तो एलीया, मुसलमानांमध्ये इलियास, इंग्रजीत एलायजा, आणि आपल्या कोकणातल्या ज्यूंच्या, म्हणजे बेने इस्राएल लोकांच्या, तोंडी एलियाहू हनाबी. बाकीची बरीचशी नावं म्हणजे देवाचे आभार नाहीतर देवाकडे मागणं असतं, देवाने दिलं, देवाने ऐकलं, देव सांभाळो वगैरे. हे नाव तसं नाही. ही सरळ घोषणा आहे आणि ती कुणाच्या तरी तोंडावर दिलेली आहे. कुणाच्या, ते कळलं की ह्या माणसाची जवळजवळ सगळी गोष्ट कळते.

आधी फोड करू. एल, मग ई, मग याहू. 'एल' म्हणजे देव, साधा देव, कुठलाही. हा शब्द काही एकट्या हिब्रूचा नाही, आजूबाजूच्या भाषांतही होता, अरबीतला इलाह त्याच घराण्यातला. शिवाय त्या मुलखातल्या जुन्या कनानी लोकांचा जो सगळ्यात थोरला देव, बाकीच्या देवांचा बाप, त्याचं विशेषनावच एल होतं. मधली ई म्हणजे 'माझा', म्हणून एली म्हणजे माझा देव. आणि याहू कोण ते वर आलंच. आता हिब्रूत वर्तमानकाळात 'आहे' लागतच नाही, दोन नामं शेजारी शेजारी ठेवली की वाक्य झालं, त्यामुळे एलियाहू हे दिसायला नाव असलं तरी ते पूर्ण वाक्य आहे, 'माझा देव याहू'. काही व्याकरणवाले म्हणतात की मधली ई 'माझा'ची नसून नुसता सांधा आहे, तसं धरलं तर 'याहू हाच देव' असा अर्थ निघतो. मला विचाराल तर पहिला अर्थ जास्त पटतो, पण ठणकावून सांगितलेली गोष्ट दोन्हीकडे तीच.

ह्या देवाचं पूर्ण नाव चार अक्षरांचं, योद-हे-वाव-हे. हिब्रूत तेव्हा स्वर लिहायची पद्धत नव्हती आणि पुढे ज्यू लोकांनी हे नाव उच्चारणंच सोडून दिलं, वाचताना तिथे ते 'अदोनाय' म्हणजे प्रभू म्हणतात, त्यामुळे 'याहवे' हा जो उच्चार पुस्तकांत दिसतो तो अभ्यासकांनी बांधलेला अंदाज आहे. मराठी बायबलात त्या चार अक्षरांच्या जागी 'परमेश्वर' छापतात, आणि इथे आपली जरा पंचाईत होते. 'परमेश्वर हाच देव' असं वाक्य वाचलं की ते आपल्याला 'पाणी म्हणजे जल' टाइप वाटतं, यात काय नवीन सांगितलं असं वाटतं. मुळात मात्र तिथे एका ठरावीक देवाचं ठरावीक नाव आहे आणि सगळा वाद त्यावरच आहे की देव म्हणायचं कुणाला, ह्याला की त्याला. हे नाव बायबलच्या बाहेरही सापडतं बरं का. जॉर्डनमध्ये १८६८ साली मवाब ह्या इस्राएलच्या शेजारी राज्याच्या मेशा राजाचा एक काळा शिलालेख सापडला, साधारण इ.स.पू. ८४० चा, आता पॅरिसच्या लूव्र म्युझियममध्ये आहे, त्यात मेशा अभिमानाने सांगतो की मी इस्राएलकडून याहवेची भांडी खेचून आणली. म्हणजे एलियाहूच्या काळात आजूबाजूच्या लोकांनाही माहीत होतं की इस्राएलचा देव अमुक नावाचा.

काळ सांगायचा तर इ.स.पू. नववं शतक. इस्राएलची तेव्हा दोन राज्यं झालेली, दक्षिणेला यहूदा, राजधानी यरुशलेम, आणि उत्तरेला इस्राएल, राजधानी शोमरोन. उत्तरेत अहाब राजा. हा अहाब खराखुरा, अश्शूरच्या (असीरियाच्या) तिसऱ्या शल्मनेसर राजाने इ.स.पू. ८५३ च्या लढाईचं जे वर्णन दगडावर कोरून ठेवलंय त्यात 'इस्राएलचा अहाब' दोन हजार रथ घेऊन विरोधात उभा आहे. (एलियाहूचा उल्लेख मात्र अशा कुठल्याच शिलालेखात नाही, तो आपल्याला धर्मग्रंथातूनच माहीत.) अहाबने लग्न केलं सीदोनच्या राजकन्येशी, ईजबेलशी. सीदोन म्हणजे आजच्या लेबनॉनमधलं, समुद्रकिनाऱ्यावरचं व्यापारी शहर. तिच्या बापाचं नाव एथबआल, अर्थ 'बआल त्याच्यासोबत'. म्हणजे सासऱ्याच्या नावातच बआल. सून आली आणि तिच्याबरोबर तिचा देवही आला, शोमरोनमध्ये बआलचं देऊळ उभं राहिलं.

आता हा बआल कोण? शब्दाचा अर्थ एकदम साधा आहे, मालक. धनी. आणि जसं आपल्याकडे जुन्या बायका नवऱ्याला 'आमचे धनी', 'आमचे मालक' म्हणायच्या तसंच हिब्रूतही बआल म्हणजे नवरा, आजही तेल अवीवमधली बाई नवऱ्याची ओळख करून देताना 'बआली' म्हणते आणि त्यात देवबिव काही नसतो. तर बआल हे मुळात पदवीसारखं होतं, अमुक गावचा धनी, तमुक डोंगराचा धनी. पण सीरियाच्या किनाऱ्यावर रास शमरा इथे १९२९ पासून जे उत्खनन झालं, तिथे उगारित नावाचं जुनं शहर निघालं आणि मातीच्या पाट्यांवर बआलच्या कथाच्या कथा निघाल्या, त्यावरून समजलं की हा बआल म्हणजे पावसाचा, विजेचा, वादळाचा देव. त्याची पदवीच 'ढगांवर स्वार होणारा'. तो मेला की जमीन करपते, तो परत आला की पाऊस येतो. त्या कथेत तो नाहीसा झाल्यावर त्याला शोधताना विचारतात 'कुठे आहे राजा, कुठे आहे पृथ्वीचा धनी', आणि त्यातलं 'कुठे आहे राजा' हे मूळ भाषेत 'ई ज़बुल'. ईजबेल हे नाव त्यातूनच आलं असावं असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. हिब्रू लिहिणाऱ्यांनी मात्र त्याचे स्वर जरा इकडचे तिकडे केले आणि ते 'ज़ेबेल'च्या जवळ नेऊन ठेवलं, ज़ेबेल म्हणजे शेण. नावावरून काढलेला वचपा म्हणतात तो हा.

आणि हा वचपा एकाच ठिकाणी नाही. शौल राजाच्या एका मुलाचं नाव एशबआल, 'बआलचा माणूस'. बायबलमधल्या 'इतिहास' नावाच्या पुस्तकात ते तसंच राहिलंय. पण बायबलमधल्याच शमुवेलच्या पुस्तकात त्याच पोराचं नाव ईश-बोशेथ होतं, बोशेथ म्हणजे लाज. कुणी आई-बाप मुलाचं नाव 'लाजेचा माणूस' ठेवणार नाही, हे उघड उघड पुढच्या लेखकाने बदललेलं आहे, बआल लिहायला हात धजेना म्हणून. दावीदच्या एका मुलाचं नाव एकीकडे बएल्यादा तर दुसरीकडे एल्यादा, बआल काढला आणि एल बसवला, काम झालं. सगळ्यात कहर म्हणजे दावीदकडे येऊन मिळालेल्या योद्ध्यांच्या यादीत एक नाव आहे बआल्या, अर्थ काय तर 'या हाच बआल'. म्हणजे एके काळी लोकांना यात काही वावगं वाटत नव्हतं, याहू हाच आमचा धनी, बस. भांडण नंतर पेटलं, जेव्हा धनी ह्या शब्दाला शेजारचा एक ठरावीक देव चिकटला. होशेय नावाच्या संदेष्ट्याने तर देवाच्या तोंडी वाक्यच घातलंय की इथून पुढे मला 'माझा पुरुष' म्हण, 'माझा बआल' म्हणू नकोस.

हे सगळं डोक्यात ठेवून आता एलियाहू हे नाव परत वाचा. माझा देव याहू. म्हणजे बआल नव्हे. ज्या राज्यात राणी बआलची, देऊळ बआलचं, राणीच्या पंगतीला बआलचे साडेचारशे संदेष्टे जेवायला, तिथे एक माणूस राजासमोर येऊन उभा राहतो आणि नुसतं आपलं नाव सांगतो तरी ते राजकीय भाषण होतं.

आणि त्याची एन्ट्री बघा कशी आहे. बायबलमधलं '१ राजे' हे पुस्तक, सतरावा अध्याय. कुठलीही प्रस्तावना नाही, देवाने त्याला कसं बोलावलं वगैरे काही नाही, बापाचं नावसुद्धा नाही. इतर संदेष्टे बघाल तर आमोजाचा मुलगा यशया, हिल्कीयाचा मुलगा यिर्मया असे रीतसर येतात. हा आपला 'गिलादात राहणारा तिश्बी', यार्देन नदीपलीकडच्या डोंगराळ भागातला, आजच्या जॉर्डनमधला, आणि तिश्बी म्हणजे नेमका कुठला यावरही अभ्यासकांचं एकमत नाही. येतो आणि पहिलंच वाक्य टाकतो, की मी ज्याची सेवा करतो त्या इस्राएलच्या देवाची, याहवेची शपथ, मी म्हणेपर्यंत ह्या वर्षांत दव पडणार नाही की पाऊस पडणार नाही. पाऊस! बआलचं खातंच पावसाचं. त्याने रोगराईची धमकी दिली नाही, लढाईची दिली नाही, बरोब्बर समोरच्याच्या खात्यावर हात टाकला.

मग दुष्काळ पडतो, हा ओढ्याकाठी लपतो, कावळे त्याला भाकर आणि मांस आणून देतात, ओढाही आटतो, मग तो जातो कुठे तर सारफथला, म्हणजे थेट ईजबेलच्या माहेरच्या मुलखात. तिथे एक विधवा शेवटचं मूठभर पीठ आणि थोडंसं तेल घेऊन, मी आणि माझा मुलगा हे खाऊ आणि मरू म्हणून काटक्या गोळा करत असते, तिच्याकडे हा आधी माझ्यासाठी भाकर कर म्हणतो, आणि पुढे मडक्यातलं पीठ काही संपत नाही की बुधल्यातलं तेल आटत नाही. बआलच्याच अंगणात बआलला जे जमत नव्हतं ते याहवे करतोय, असा त्या गोष्टीचा रोख आहे.

आता कर्मेल. इस्रायलमधल्या हैफा शहराला लागून समुद्राकडे घुसलेला डोंगर आहे तो. तिसऱ्या वर्षी एलियाहू अहाबला म्हणतो सगळ्या लोकांना कर्मेलवर बोलाव, ते साडेचारशेही बोलाव. लोक जमल्यावर तो त्यांना विचारतो की किती दिवस दोन डगरींवर पाय ठेवून राहणार, याहवे देव असेल तर त्याच्यामागे जा, बआल असेल तर त्याच्यामागे जा. मूळ हिब्रूत तिथे 'लंगडत राहणं' असं क्रियापद आहे, आणि पुढे बआलचे संदेष्टे वेदीभोवती जे नाचतात त्यालाही लेखकाने मुद्दाम तेच क्रियापद वापरलंय. तुम्ही लंगडता, ते पण लंगडतात. लोक गप्प, एक शब्द बोलत नाहीत. मग अट ठरते, दोन गोऱ्हे, दोन वेद्या, लाकडं रचायची पण विस्तव लावायचा नाही, जो देव आगीने उत्तर देईल तोच देव. वीज पाडणं हेही बआलचंच काम, म्हणजे मॅच पुन्हा त्याच्याच मैदानावर.

सकाळपासून दुपारपर्यंत 'हे बआल, आम्हाला उत्तर दे' चालतं. उत्तर नाही. दुपारी एलियाहू त्यांची टर उडवायला लागतो, अरे मोठ्याने हाका मारा, देव आहे ना तो, विचारात गढला असेल, नाहीतर परसाकडे गेला असेल, प्रवासाला गेला असेल, झोपला असेल तर उठवायला नको का! (परसाकडे हे मी पदरचं घातलेलं नाही, तिथला हिब्रू शब्द 'बाजूला जाणं' असा आहे आणि जुन्या ज्यू भाष्यकारांनीही त्याचा तसाच अर्थ लावलाय, छापील भाषांतरं मात्र तिथे बऱ्याचदा सभ्यपणा दाखवतात.) ते बिचारे अंगावर तलवारीने वार करून घेतात, रक्त वाहतं, तरी काही नाही. संध्याकाळी एलियाहू बारा धोंडे घेऊन मोडकी वेदी दुरुस्त करतो, भोवती चर खणतो आणि चार घागरी पाणी त्यावर ओतायला सांगतो, तेही तीनदा, चर भरून वाहेपर्यंत. दुष्काळात. मग एक छोटी प्रार्थना, आणि आग पडते ती गोऱ्हा, लाकडं, धोंडे, माती सगळं खाऊन चरातलं पाणीसुद्धा चाटून जाते.

आणि तेव्हा ते मघाचे गप्प लोक पालथे पडून ओरडतात, 'याहवे हू हा-एलोहीम! याहवे हू हा-एलोहीम!' याहवे हाच देव. नीट ऐकलं तर हे त्या माणसाचं नावच आहे, फक्त उलट्या क्रमाने. एलि-याहू, आणि लोक म्हणतायत याहवे-एलोहीम. सकाळी ते नाव एकट्याचं होतं, एकट्याची घोषणा होती, संध्याकाळी अख्खा डोंगर तीच घोषणा देतोय. शिवाय हिब्रूत 'हू' म्हणजे 'तो', 'तोच'. एलियाहूच्या शेवटच्या 'हू'चा व्याकरणात याच्याशी काही संबंध नाही, पण कानाला तो नक्की लागतो, आणि ही गोष्ट आधी कानांसाठीच होती. लगेच पुढे समुद्रावरून माणसाच्या तळहाताएवढा ढग वर येतो आणि धो धो पाऊस. ढगांवर स्वार कोण, ह्याचं उत्तर मिळालं. (मधल्या मध्ये त्या साडेचारशे जणांना कीशोन ओढ्यावर नेऊन ठार केलं जातं, तेही त्याच अध्यायात आहे, आणि कर्मेलची गोष्ट रंगवून सांगताना ते गाळणं मला बरोबर वाटत नाही.)

ही आरोळी नंतर ज्यू प्रार्थनेत गेली. योम किप्पूर ह्या सगळ्यात मोठ्या उपवासाच्या अगदी शेवटी, नेइला नावाच्या प्रार्थनेच्या टोकाला, हे वाक्य सात वेळा म्हणतात. नेइला म्हणजे बंद होणं, दारं मिटणं. आणि आपल्या बेने इस्राएल लोकांनी ह्या योम किप्पूरला नाव काय दिलं होतं तर 'दारफाळणीचा सण'. दारं लावून घ्यायचा सण! मला हे कळलं तेव्हा फार मजा वाटली होती.

आता एक शंका कुणालाही येईल, की नाव इतकं फिट बसतंय म्हणजे ते नंतर कुणीतरी बसवलं तर नाही? शक्य आहे, कारण कथा लिहिणाऱ्याने खुबीने वापरलंय हे तर दिसतंच. पण नाव बनावट म्हणायचीही गरज नाही. बायबलमध्येच एलियाहू किंवा एलिया नावाची आणखी साधीसुधी माणसं आहेत, बन्यामीन कुळाच्या वंशावळीत एक, एज्राच्या पुस्तकातल्या यादीत दोन, ज्यांनी कुठलीही आग वगैरे पाडली नाही. लोकांच्या वापरातलं नाव होतं ते. आणि नुसत्या नावावरून माणूस कळत नाही ह्याचं उदाहरण खुद्द अहाबच्या घरात आहे. बआलचं देऊळ बांधणाऱ्या ह्या राजाच्या मुलांची नावं अहज्या आणि यहोराम, दोन्हींत या आहे. अहज्या म्हणजे 'याने हात धरला'. हा अहज्या माडीच्या जाळीतून खाली पडून अंथरुणाला खिळला, तेव्हा त्याने मी बरा होईन का हे विचारायला माणसं पाठवली ती एक्रोन ह्या परक्या शहराच्या देवाकडे, बआल-जबूबकडे. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. वाटेत त्या माणसांना एलियाहू आडवा आला आणि म्हणाला, इस्राएलात काय देव नाही म्हणून तिकडे निघालात? (बआल-जबूब म्हणजे 'माश्यांचा धनी', घोंगावणाऱ्या माश्यांचा, हेही मूळचं बआल-जबूल मुद्दाम बिघडवलेलं असणार, तोच शेणवाला प्रकार.)

स्पेलिंगची एक भानगडही सांगून टाकतो. शोमरोनमध्ये, म्हणजे अहाबच्याच राजधानीत, १९१० साली शाईने लिहिलेली खापरं सापडली, तेल आणि दारूच्या हिशोबाची, अहाबनंतर साधारण शंभरेक वर्षांची. त्यात माणसांची नावं आहेत आणि गंमत म्हणजे बआलवाली नावं तेव्हाही आहेत, अबीबआल, मरीबआल अशी, म्हणजे कर्मेलने निकाल लागला असं गोष्ट सांगते पण कारकुनाच्या नोंदी काही वेगळंच सांगतात. आणि याहवेवाली जी नावं आहेत ती याहूने नाही तर 'याव'ने संपतात, गद्दियाव, शमरियाव. उत्तरेचा उच्चार तो. याहू हे दक्षिणेचं, यहूदाचं रूप. म्हणजे उत्तरेच्या ह्या माणसाला त्याच्या गावचे लोक बहुधा एलियाव म्हणून हाक मारत असणार, आणि त्याच्या गोष्टी दक्षिणेत जाऊन लिहिल्या-सांभाळल्या गेल्या तेव्हा तो एलियाहू झाला असणार.

पुढचं आयुष्य थोडक्यात. ईजबेलच्या भीतीने पळणं, होरेब डोंगरावर वारा, भूकंप, आग आणि त्यानंतरचा तो अगदी बारीक आवाज, मग अलीशा नावाचा चेला, आणि शेवटी अग्नीच्या रथासोबत वावटळीत वर जाणं. तो मेला असं कुठे लिहिलेलंच नाही, आणि मलाखीच्या पुस्तकाच्या शेवटी देव म्हणतो की तो भयंकर दिवस यायच्या आधी मी एलियाला पाठवीन. झालं, तेव्हापासून ज्यू लोक त्याची वाट बघतायत. वल्हांडण ह्या ज्यू सणाच्या रात्री त्याच्यासाठी द्राक्षारसाचा एक पेला भरून ठेवतात, मुलाच्या सुंतेला त्याच्यासाठी एक खुर्ची मांडतात.

ही वाट बघणं किती भिनलेलं होतं हे नव्या करारात एका विचित्र जागी दिसतं. येशू क्रुसावर ओरडतो, 'एली, एली, लमा सबख्थनी', माझ्या देवा, माझ्या देवा, तू मला का सोडलंस. आणि तिथे उभे असलेले काही जण म्हणतात, हा एलीयाला हाक मारतोय, बघू एलीया याला सोडवायला येतो का. मराठीत वाचताना हा गैरसमज पटकन कळत नाही. पण वरची फोड आठवा, एली म्हणजे माझा देव आणि एलियाहूचा पहिला अर्धा भाग तोच. मरणाच्या वेदनेत अर्धवट उमटलेला आवाज दुरून ऐकणाऱ्याला नावासारखा ऐकू येणारच.

ग्रीकमध्ये गेल्यावर ह्या नावाचा 'हू' गळला आणि ग्रीक पुरुषांच्या नावांना लागतो तो 'स' मागे चिकटला, झालं एलियास. गोव्यात, वसईत ख्रिस्ती घरांत एलियास नाव असतं ते ह्या रस्त्याने आलेलं. अरबीत तेच इल्यास, कुराणात दोन सूरांमध्ये, म्हणजे अध्यायांमध्ये, आहे, आणि सदतिसाव्या सूरेत तो आपल्या लोकांना विचारतो की तुम्ही बअलला हाका मारता आणि सगळ्यात उत्तम निर्माणकर्त्याला सोडता? म्हणजे तिथेही भांडण तेच शाबूत आहे. इंग्रजीतला एलायजा 'या'चा 'जा' होऊन बनला, इंग्रजी J अक्षराचा उच्चार आधी य सारखा होता म्हणून. एलियट, एलिस ही आडनावंही ह्याचीच पिल्लं. रशियात तो इल्या, आणि तिथे तर कमालच झाली. २ ऑगस्टला त्याचा दिवस असतो, आणि खेड्यापाड्यांत समजूत अशी की ढग गडगडतात तो इल्याचा रथ आकाशातून चाललाय. जुन्या स्लाव्ह लोकांचा पेरुन नावाचा विजेचा देव होता, त्याचं खातं ह्याच्याकडे आलं. ज्याने विजेच्या देवाशी आयुष्यभर वैर धरलं तोच शेवटी ढगांवर स्वार!

आपल्याकडे तो कसा आला त्याची बेने इस्राएलांची स्वतःची परंपरा आहे. त्यांचे पूर्वज गलबत फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, असं ते सांगतात. पुस्तकं बुडाली, हिब्रू विसरली, राहिलं काय तर शनिवार पाळणं (तेलाचे घाणे शनिवारी बंद, म्हणून शनवार तेली), सुंता, 'शमा'ची प्रार्थना आणि एलियाहू हनाबी. हनाबीतला 'ह' म्हणजे इंग्रजीतल्या 'द' सारखा, आणि नाबी म्हणजे संदेष्टा, उर्दूतला नबी तोच. इस्रायलमध्ये हनावी म्हणतात, कोकणात ब राहिला. तो त्यांना कोकणातच भेटला अशी श्रद्धा आहे, अलिबागजवळच्या खंडाळ्याला खडकावर त्याच्या रथाच्या आणि घोड्याच्या खुणा दाखवतात, त्या जागेला 'एलियाहू हनाबीचा टापा' म्हणतात. शेवाट महिन्याच्या पंधराव्या दिवशी जगभरचे ज्यू झाडांचं नवं वर्ष पाळतात, जानेवारी-फेब्रुवारीत येतं ते, कोकणात त्याच दिवसाचा 'एलियाहू हनाबीचा उरूस' झाला. उरूस! हिब्रू संदेष्टा, दर्ग्याचा शब्द आणि ताटात मराठी पोहे.

पोहे म्हणजे मलिदा. भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, गूळ नाहीतर साखर, सुकामेवा आणि बाजूला फळं मांडून ठेवलेली. लग्नाआधी, नव्या घरात, नवस फेडताना, परदेशी जाण्याआधी मलिदा करतात, एलियाहू हनाबीचं हिब्रू गाणं म्हणतात आणि मग प्रसादासारखा तो सगळ्यांना वाटतात. मुलांची नावंही ह्यावरून ठेवायचे, पण आपल्या वळणाने. शमुवेलचा सामाजी, यहेज्केलचा हसाजी, आणि एलियाहूचा एलोजी. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, १७९६ साली ज्याने बांधलं तो सामाजी हसाजी दिवेकर असाच. 'जी' लागल्यावर याहू गेला आणि एल तेवढा राहिला, म्हणजे नावातली घोषणा गायब, पण हाक मारायला बरं. मुंबईत काळा घोड्याजवळ निळ्या रंगाचं जे देखणं सिनेगॉग आहे त्याच्याही नावात हा आहे, कनेसेट एलियाहू, १८८४ चं. ते मात्र बगदादी ज्यूंचं, ससून घराण्याने बांधलेलं, आणि त्यातला एलियाहू हा संदेष्टा नसून बांधणाऱ्यांचे वडील एलियास ससून.

आज बेने इस्राएल बहुतेक इस्रायलमध्ये आहेत, दिमोना, अश्दोद, बीरशेबा ह्या भागांत, आणि मलिदा तिकडेही होतो. इथे टापा बघायला कुणाला जायचं असेल तर एवढंच लक्षात ठेवा की हे खंडाळा घाटातलं नव्हे, लोणावळ्याची गाडी पकडलीत तर चिक्की मिळेल, हनाबी नाही.